मला लिहिलंत ते त्यांना सांगा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी ३६ वर्षांचा. उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे, कास्टिंगचं मशीनिंग करून देतो. चुलतभावाबरोबर भागीदारी. वडील जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून झोपेचं खोबरं झालंय. पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, घाम फुटतो. ईसीजी झाला, टूडी इको झाली, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शनचं आहे, काउन्सेलिंग घ्या. राजारामपुरीत एका ठिकाणी गेलो होतो, तर जिन्यातच ओळखीचा माणूस भेटला. विम्याच्या कामाला आलोय म्हणून सांगितलं आणि तसाच परत फिरलो. मग पुण्याच्या एका मॅडमकडं ऑनलाइन सुरू केलं. दर मंगळवारी संध्याकाळी सातला, पाऊण तास, बाराशे रुपये. पाच सेशन झालेत.

घर शिवाजी पेठेत, जुनं. आई, भाऊ-भावजय, त्यांची मुलं आणि आम्ही. खोल्यांच्या मध्ये नुसती लाकडी पडदी आहे, म्हणून रंकाळ्याला गाडी लावून आत बसून बोलतो. तिथंही कुणीतरी काचेवर टकटक करतंच. मध्येच रेंज जाते. मॅडम चांगल्या आहेत, पण एकदम शुद्ध बोलतात, मधनंमधनं इंग्रजी. मी नुसता ‘हो मॅडम, हो मॅडम’ करतो. निम्मा वेळ आठवडाभरात काय झालं ते सांगण्यातच जातो. विचार लिहायला वही घालायला सांगितलीय. मी काही लिहिलेलं नाही, पण लिहिलं म्हणून सांगितलं. बायको विचारते, एवढं काय बोलता त्यांच्याशी? तिला काय सांगावं कळत नाही. कधी कधी वाटतं, सगळं सोडून निघून जावं.

पैसे वाया चाललेत का? ऑनलाइननं खरंच काही होतं, की समोरासमोरच बसायला पाहिजे? यातनं जास्तीत जास्त फायदा कसा करून घ्यायचा?

आणि एक. वडील गेले त्या रात्री डिस्पॅच होता, मी शॉपवरच होतो. फोन सायलेंटवर होता. घरनं आलेले फोन पहाटे बघितले. हे मॅडमना सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही.

– एक वाचक, कोल्हापूर


सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. रेंज, रंकाळा, वही, फी या सगळ्याबद्दल मी लिहिणार आहे, कारण त्या अडचणी खऱ्या आहेत आणि बऱ्याचशा सुटण्यासारख्या आहेत. पण पाच सेशन होऊनही हाताला काही लागत नाही, याचं मोठं कारण मला त्या चार ओळींत दिसतं. तुम्हाला पहाटे तीनला जाग येते. घरचे फोनही तुम्ही पहाटेच बघितले होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे की नाही, हे मी इथं बसून सांगणार नाही. तो तुम्ही आणि तुमच्या थेरपिस्ट मिळून शोधू शकता. पण त्यांना यातली एकच गोष्ट माहीत आहे. तुमच्याकडे कुणी कास्टिंग आणून टाकलं, ड्रॉइंग दिलंच नाही आणि ‘मशीनिंग झकास करा’ म्हणून निघून गेलं, तर तुम्ही टूल कुठं लावणार? मॅडम गेले पाच आठवडे तसं काम करतायत.

तेव्हा तुमच्या तिन्ही प्रश्नांना माझं पहिलं उत्तर हेच: जे मला लिहिलंत ते त्यांना सांगा. वडिलांचं सांगा, वहीचं खोटं सांगा, ‘हो मॅडम’चं सांगा, पैसे वाया चाललेत असं वाटतंय तेही सांगा.

त्याआधी मला एक विचारायचंय. ‘सगळं सोडून निघून जावं’ असं तुम्ही लिहिलंय. कुणी असं म्हणतं तेव्हा त्याला धंदा, भागीदारी, घर यांतून चार दिवस सुटका हवी असते. कुणाला जगणंच नकोसं झालेलं असतं. तुमचं यातलं कुठलं, हे तुम्हालाच ठाऊक. दुसरं असेल, जरासं जरी असेल, तर मंगळवारची वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू केली. पहाटे तीनला जाग आल्यावरसुद्धा तो लावता येतो. आणि जिवाचं काही बरंवाईट करावं असं वाटायला लागलं, तर बायकोला किंवा भावाला उठवायचं आणि त्यांना बरोबर घेऊन सरळ सीपीआरचा, म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाचा, तातडीचा विभाग गाठायचा. एकट्यानं निघायचं नाही. असा विचार तोंडावर आणला की पोलीस केस होईल, ही भीती आपल्याकडे अजून आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसालाही, तो तीव्र तणावाखाली होता असं धरून, शिक्षा करू नये असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. मनातला विचार बोलून दाखवणं हा तर गुन्हा नव्हताच कधी. मॅडमनाही हे वाक्य जसंच्या तसं सांगा. त्या पुढचे प्रश्न विचारतील, आणि ते विचारायला त्यांना शिकवलेलं असतं.

आता ऑनलाइनचं. होतं, नक्की होतं. नैराश्य आणि चिंतेच्या त्रासांवर व्हिडिओवरून दिलेली थेरपी समोरासमोरच्या थेरपीच्या जवळपास तोडीची ठरते, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. कोविडच्या काळात सगळं जग तिकडं वळलं, पण त्याच्या आधीपासून हे काम चालू होतं. तुमच्यासारख्या माणसाला तर त्याचा जास्तच उपयोग. राजारामपुरीच्या जिन्यातून तुम्ही परत फिरलात, याचं मला जराही नवल वाटत नाही. आपल्या गावात गाडीच्या नंबरवरून माणूस ओळखतात. व्हिडिओनं तुम्हाला तो जिना चुकवून दिला, हे फार मोठं काम झालं. काही त्रासांना मात्र समोर माणूस लागतोच: कानात आवाज येत असतील, दारूनं ताबा घेतला असेल, घरात मारहाण असेल, जीव द्यायचे विचार पक्के होत असतील. तुम्ही आधी छातीच्या तपासण्या करून घेतल्या हेही बरोबर केलंत. धडधड म्हटली की ‘मनाचं आहे’ म्हणून तपासणीच टाळणारी माणसं मी बघितली आहेत, आणि त्याची मला काळजी वाटते.

मुद्द्याकडे येते. थेरपीचं काम करणारी सगळी माणसं एक गोष्ट ओळखून असतात: माणूस उठून दाराशी जातो आणि तिथं थांबून खरी गोष्ट बोलतो. पाऊण तास इकडचं तिकडचं होतं आणि चप्पल घालताना ‘अहो, अजून एक होतं’ असं निघतं. यात लबाडी नसते. तेव्हा वेळ संपलेली असते, आता यावर कुणी प्रश्न विचारणार नाही याची खात्री असते, म्हणून धीर होतो. ऑनलाइनमध्ये दार नाही, तरी घडतं तेच. तुम्ही पत्रातही तेच केलंत. सगळं लिहून झाल्यावर ‘आणि एक’. मंगळवारी पावणेआठला दोन मिनिटं उरलेली असताना ती गोष्ट कितीदा ओठांवर येऊन परत गेली असेल, याचा मी अंदाज करू शकते.

म्हणून ती गोष्ट सेशनच्या शेवटाकडून सुरुवातीला आणायची. तोंडानं जमणार नाही असं वाटत असेल तर सोमवारी मेसेज टाका. एवढाच: ‘मॅडम, उद्या मला वडील गेले त्या रात्रीबद्दल बोलायचं आहे. अजून कुणाला सांगितलेलं नाही. मी दुसरंच बोलायला लागलो तर मला थांबवा.’ तपशील व्हॉट्सॲपवर लिहू नका, ते सेशनमध्ये. हा मेसेज गेला की मंगळवारी तुम्हाला विषय काढावा लागत नाही, तो काढलेलाच असतो. बोलताना आवाज फुटला नाही तर मला लिहिलेल्या ओळी समोर धरून वाचा. नजर द्यायला नको वाटलं तर ‘दहा मिनिटं कॅमेरा बंद ठेवतो’ असं सांगून ठेवा, चालतं. गप्प बसावंसं वाटलं तर गप्प बसा. फक्त फोनवरची शांतता रेंज गेल्यासारखी वाटते, म्हणून ‘मी आहे, बोलायला जमेना झालंय’ एवढं म्हणा. आणि सुरुवातीलाच मागून घ्या की शेवटची दहा मिनिटं मला सावरायला ठेवा. अशा सेशननंतर एखादी रात्र आणखी वाईट जाऊ शकते. तसं झालं म्हणजे थेरपी उलटली असं नाही. पुढच्या वेळी तेही सांगायचं. त्या दिवशी डिस्पॅच मात्र ठेवू नका.

त्या रात्रीबद्दल मी इथं याहून जास्त लिहिणार नाही. तुमची चूक होती की नव्हती, यावर दीड वर्षात तुम्ही स्वतःशीच पुष्कळ भांडला असाल. वर्तमानपत्रातल्या बाईनं ‘तुमचा दोष नाही हो’ म्हटल्यानं ते भांडण मिटत नसतं. ते शांतपणे, वेळ घेऊन, एका माणसासमोर उलगडावं लागतं. तुमच्याकडे तो माणूस आहे आणि त्याची वेळही तुम्ही घेतलेली आहे.

आठवड्याच्या बातम्यांचं. ‘कसा गेला आठवडा?’ असं विचारलं की आपण सोमवारपासून सुरू करतो: पार्टीनं पेमेंट अडवलं, चुलतभाऊ असं बोलला, पोराला ताप. ऐकणाऱ्यालाही मध्ये तोडवत नाही. त्याऐवजी सेशनच्या आदल्या रात्री फोनमध्ये तीन ओळी लिहा. या आठवड्यात सगळ्यात जास्त त्रास कधी झाला. कधी जरा बरं वाटलं. उद्या कशावर बोलायचं. मंगळवारी फोन लागला की तिसरी ओळ आधी वाचायची. बाकीच्या बातम्या त्या विषयाला लागतील तेवढ्याच येतील.

वहीचं जरा सविस्तर लिहिते, कारण मला वाटतं तुम्हाला ती कशासाठी आहे हेच कुणी नीट दाखवलेलं नाही. तुम्हाला शाळेतला गृहपाठ वाटला आणि तुम्ही शाळेतलं उत्तर दिलंत. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला एक पद्धत मांडली, मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. पुढे ॲरन बेक यांनी कॉग्निटिव्ह थेरपी आणली. दोघांचं सांगणं साधारण असं, की प्रसंग आणि आपला त्रास यांच्या मध्ये एक विचार असतो, तो इतक्या वेगानं येऊन जातो की आपल्याला पत्ताच लागत नाही. तो पकडायचा म्हणून वही. तुमच्या शॉपमधलंच उदाहरण घेऊ. गुरुवारी दुपारी पार्टीचा फोन येतो, लॉटमधले आठ नग बोअर साइजमध्ये बसत नाहीत, परत पाठवतोय. हा प्रसंग. फोन ठेवता ठेवता डोक्यात येतं: ‘बाबा असते तर हे झालं नसतं. माझ्यानं हा धंदा निभत नाही.’ हा विचार. मग छातीत धडधड, हाताला घाम, कामगारावर आवाज चढतो. हा परिणाम. त्रास किती, शंभरपैकी? समजा ऐंशी. झालं, चार ओळींत संपलं. संध्याकाळी जमलं तर पाचवी लिहायची: बाबांच्या वेळी कधीच माल परत आला नव्हता का? तुम्ही लहानपणापासून शॉपवर असाल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे. ते लिहून मग पुन्हा आकडा टाकायचा, पंचावन्न येईल, कदाचित ऐंशीच राहील. दोन्ही मॅडमना उपयोगी.

हाताला ऑइल असताना कुणी वही काढणार नाही, हे मलाही कळतं. फोनमध्ये स्वतःलाच व्हॉइस मेसेज करून ठेवा, अर्ध्या मिनिटाचा. आठवड्यात असे दोन झाले तरी पुरे. दोन सेशनच्या मधल्या दिवसांत जे थोडंफार काम करतात त्यांना या प्रकारच्या थेरपीचा सरासरीनं जास्त फायदा होतो, असं अभ्यासही सांगतात. आठवड्यात दहा हजार मिनिटं असतात आणि मॅडम तुम्हाला पंचेचाळीसच भेटतात.

आणि ते खोटं. ‘मॅडम, मी वही लिहिलीच नव्हती, लिहिली म्हणून सांगितलं’ हे वाक्य म्हणायला तुम्हाला फार जड जाईल. म्हणा. थेरपिस्ट रागावत नाहीत, त्यांना हे नवीन नसतं. उलट तिथून एक खरा प्रश्न निघतो: माझ्यासमोर चांगलं दिसावं असं तुम्हाला का वाटलं? मला तर वाटतं, घरात, शॉपवर, पाहुण्यांत तुम्ही दीड वर्ष हेच करताय. थोरला कर्ता म्हणून ‘सगळं व्यवस्थित आहे’ असं दाखवणं. तसं असेल तर पाचव्या सेशनमध्ये तुमच्या नकळत ते मॅडमसमोरही घडलंय आणि त्यावर बोलायची संधी आयती हातात आली आहे.

भाषेचंही तसंच. पुण्याच्या मॅडमशी पुणेरी बोलायची सक्ती नाही. ‘रात्री जीव नुसता वर-खाली होतोय, काय सुधरंना झालंय’ हे तुम्ही बायकोला जसं सांगाल तसं त्यांना सांगा. त्यांना नाही कळलं तर त्या विचारतील, आणि समजावून सांगताना तुम्हालाच नेमकं काय होतं ते सापडत जाईल. नीटनेटक्या भाषेत माणूस नीटनेटकंच बोलतो, आणि तुम्हाला जे बोलायचंय ते नीटनेटकं नाही. उलट बाजूनं, त्यांचा एखादा इंग्रजी शब्द कळला नाही तर ‘हो’ म्हणू नका. ‘मॅडम, हे परत साध्या भाषेत सांगा’ म्हणा. बाराशे रुपये तुम्ही देताय, आणि त्यांनाही तुम्हाला कळावं असंच वाटत असणार.

आता रंकाळा. संध्याकाळी सात ही तिथली सगळ्यात वाईट वेळ. निम्मं कोल्हापूर तिथं फिरायला, भेळ खायला आलेलं असतं. काचेवर टकटक होणार या धास्तीनं अर्धं लक्ष बाहेर, आणि अशा अवस्थेत वडिलांबद्दल कोण बोलेल? गाडीत बसून थेरपी घेणारे पुष्कळ लोक आहेत, त्यात कमीपणा नाही, पण जागा आणि वेळ बदला. तुमच्याकडे शॉपची केबिन आहे. कामगार यायच्या आत, सकाळी सातची वेळ मॅडमकडे मिळते का विचारा. मशीनं बंद, शटर अर्धं खाली, आतून कडी. चुलतभाऊ लवकर येत असेल तर मात्र केबिन नको. मग एखाद्या भरवशाच्या मित्राचं ऑफिस. घरीच करायची वेळ आली तर पडदीच्या पलीकडे पंखा किंवा रेडिओ लावून ठेवा, शब्द पोचत नाहीत. गाडीच असेल तर ती उभी पाहिजे, हे सांगायला नको. घरी जाता जाता चालवत सेशन उरकणारे आहेत म्हणून लिहिते.

फोन हातात धरू नका, स्टँडला लावा, डोळ्यांच्या उंचीवर. हातात धरला की हात अवघडतो आणि त्यांना तुमची हनुवटी आणि गाडीचं छत दिसतं; तुमचा चेहरा आणि खांदे दिसले तर त्यांना तुमचं न बोललेलंही कळतं. वायरचे इअरफोन वापरा, मध्येच चार्जिंग संपत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात स्वतःचा चेहरा दिसतो तो लपवायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती वापरा. रडताना स्वतःलाच बघत बसावं लागत नाही. शॉपचे फोन आणि व्हॉट्सॲपचे आवाज बंद. रेंज गेली तर कुणी कुणाला लावायचा, हे आधी ठरवून ठेवा. साध्या कॉलवर उरलेलं सेशन झालं तरी ते सेशनच असतं.

यापेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते आधीचं आणि नंतरचं. राजारामपुरीत गेला असता तर जाताना रस्त्यात मन तयार झालं असतं आणि येताना थोडं निवलं असतं. ऑनलाइनमध्ये लाल बटण दाबलं की पुढच्या मिनिटाला सप्लायरचा फोन. आधी दहा मिनिटं आणि नंतर पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. नंतरच्या वेळात काय कळलं, काय खटकलं, पुढच्या वेळी काय, हे फोनमध्ये टिपा, नाहीतर नुसते पाय मोकळे करा.

कुणाला कळेल ही भीती तुम्हाला आहेच, म्हणून हेही. तुमच्या मानसिक आरोग्याची आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला त्याच २०१७ च्या कायद्यानं दिलाय, तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, कोर्टाचा आदेश, असे थोडे अपवाद आहेत. सेशन रेकॉर्ड होतं का, टिपणं कुठं राहतात, मध्ये एखादं ॲप असेल तर त्या ॲपवाल्यांकडे काय साठतं, हे मॅडमना सरळ विचारा. आणि फी फर्मच्या खात्यातून देऊ नका. स्टेटमेंट भागीदारही बघतो आणि अकाउंटंटही.

मॅडमचं शिक्षण तुम्ही विचारलंय का? पत्रात कुठं दिसलं नाही. आपल्याकडे ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावायला फारशी अडकाठी नाही, त्यामुळे विचारणं हा तुमचा हक्क आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंद असते आणि नोंदणी क्रमांक पडताळता येतो. समुपदेशक असतील तर मानसशास्त्रातलं एमए, त्यानंतरचं प्रशिक्षण आणि दुःख, शोक यांवर काम केल्याचा अनुभव विचारा. चांगला थेरपिस्ट या प्रश्नानं दुखावत नाही. औषध मात्र दोघांनाही लिहून देता येत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं काम. झोप अशीच उडालेली राहिली तर मॅडमच त्यांच्याकडे पाठवतील. दोन्ही एकदम चालू शकतं. मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून झोपेची गोळी आणू नका.

बायकोला काय सांगायचं? सेशनमधलं सगळं सांगायला तुम्ही बांधलेले नाही. पण ‘काही नाही गं’ म्हटलं की तिला वाटतं आपल्याबद्दलच तक्रारी चालल्या असतील. बाबांचं मनात राहिलंय, त्यावर बोलतोय, मला जमेल तेव्हा तुलाही सांगेन, एवढं म्हटलं तरी तिला पुष्कळ मिळतं. पहाटे तीनला तुमच्या शेजारी तीही जागी होत असणार. पुढे वाटलं तर एखाद्या सेशनला तिला बरोबर बसवता येतं का, हे मॅडमना विचारा.

राहता राहिले पैसे. चिंता आणि नैराश्यासाठी थेरपीची आखणी बऱ्याचदा आठ ते वीस सेशनांची असते, त्यामुळे पाचव्याला निकाल लावू नका. पण आंधळेपणानंही चालू ठेवू नका. आपण नेमकं काय बदलायला बसलोय, हे मॅडमबरोबर ठरवून घ्या. तुमच्या बाबतीत, रात्री जाग आली तरी परत झोप लागावी, कामगारावर ओरडणं कमी व्हावं, वडिलांच्या फोटोसमोर उभं राहता यावं, असं काहीतरी. गेल्या दोन आठवड्यांच्या त्रासावर नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी सात प्रश्नांची जीएडी-७ अशा छोट्या प्रश्नावल्या असतात. त्या आत्ता एकदा आणि महिन्यानं एकदा भरून घ्यायला सांगा, आकडा हलतोय का दिसेल. दर आठवड्याला बाराशे जड जात असतील तर तसं बोला, सुरुवातीचे काही दर आठवड्याला आणि मग पंधरा दिवसांनी, असं ठरवता येतं. अगदीच ओढ बसली तर सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथं सरकारी दरात तपासणी होते.

वरचं सगळं बोलून तीन-चार सेशन द्या. मोकळं बोलूनही मॅडमशी सूर जुळत नाही असं वाटलं, तर थेरपिस्ट बदला. त्यात त्यांचा अपमान नाही. माणूस आणि थेरपिस्ट यांचं जमणं हे फायदा होण्या-न होण्याचं मोठं कारण असतं. फोन उचलायचं बंद करून गायब मात्र होऊ नका. शेवटचं एक सेशन घ्या, का थांबताय ते सांगा, पुढे कुणाकडे जावं ते त्यांनाच विचारा. आणि नव्या थेरपिस्टची वेळ मिळाल्यावरच जुन्यांकडचं थांबवा, मध्ये महिना रिकामा जाऊ देऊ नका.

तुमची,
ताई